लहान कारखानदाराचा शोध आणि सरकारी पैसा
अमेरिकेंतील एका योजनेचा अभ्यास

शेतकऱ्याची अडचण शेतांत उत्पन्न होते. ती दूर करणारें अवजार मात्र दुसरीकडे कोठें तरी, लोहाराच्या भट्टीजवळ, एखाद्या लहानशा कारखान्यांत किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत, जन्मास येतें. या दोन ठिकाणांमधील वाट लांबची आहे व त्या वाटेवर पुष्कळ चांगल्या कल्पना मरून जातात. कल्पना खरी ठरेपर्यंत लागणारा पैसा कोणी द्यावयाचा हें ठरलेलें नसतें, हेंच त्याचें मुख्य कारण होय. पेढी तारण मागते. पण कल्पनेचें तारण होत नाहीं. भांडवलवाला विक्रीचा आंकडा विचारतो; पण जी वस्तु अद्याप घडलीच नाहीं तिचा आंकडा आणावा कोठून? शेतकरी म्हणतो, "आधीं चालवून दाखवा, मग घेऊं." त्याचें म्हणणेंही रास्तच आहे, कारण फसलेल्या अवजारानें एक हंगाम बुडतो व गेलेला हंगाम परत येत नाहीं.

ही कोंडी फोडण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७७ सालापासून झाला. त्याच नमुन्यावर हिंदुस्थान सरकारनेंही २००५ पासून कांहीं योजना काढल्या आहेत व त्यांचा लाभ महाराष्ट्रांतील लहान कारखानदारांस मिळूं शकतो. यास्तव हा विषय केवळ परदेशची बातमी नव्हे. ज्या शेतकऱ्यास उद्यां नवें अवजार, नवें औषध किंवा नवें बियाणें विकत घ्यावयाचें आहे, त्यानें तें कोणाच्या पैशानें व कोणत्या कसोटीस उतरून त्याच्या बांधापर्यंत येतें हें समजून घेणें हिताचें आहे.

योजनेचा उगम

नॅशनल सायन्स फाउंडेशन ही शास्त्रीय संशोधनास पैसा देणारी अमेरिकन सरकारची संस्था होय. तेथील एक अधिकारी रोलंड टिबेट्स यांनीं १९७७ सालीं लहान कारखान्यांसाठीं एक प्रायोगिक योजना सुरू केली. सरकार संशोधनावर जो खर्च करतें त्यांतील फारच थोडा भाग लहान कारखान्यांच्या वांट्यास येतो. उलट नव्या कल्पना मात्र त्यांच्याकडून पुष्कळ निघतात, असें त्यांचें मत होतें. याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. नांवाजलेल्या विद्यापीठास किंवा मोठ्या कंपनीस पैसा देणें अधिकाऱ्यास सुरक्षित वाटतें. काम फसलें तरी दोष त्याच्या माथीं येत नाहीं. अनोळखी लहान माणसास दिलेला पैसा बुडाला तर मात्र त्यास जाब द्यावा लागतो. हा मनुष्यस्वभाव आहे. तो उपदेशानें पालटत नाहीं. त्यास नियमच लागतो.

तो नियम २२ जुलै १९८२ रोजीं झाला. त्या दिवशीं अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं लहान उद्योगांच्या नवसंशोधनाच्या कायद्यावर सही केली. ही योजना तेव्हांपासून एस. बी. आय. आर. या आद्याक्षरांनीं ओळखली जाऊं लागली. विद्यापीठांनीं या कायद्यास विरोध केला होता, कारण आपल्या ताटांतील घांस दुसरीकडे जाणार ही भीति त्यांस होती. कायद्याचें मर्म थोडक्यांत असें : ज्या सरकारी खात्याचें बाहेरच्या लोकांकडून करून घ्यावयाच्या संशोधनाचें अंदाजपत्रक वर्षास १० कोटि डॉलरांहून अधिक असेल, त्यानें त्यांतील ठराविक हिस्सा लहान कारखान्यांसाठीं राखून ठेवलाच पाहिजे. त्यासाठीं नवा कर बसविला नाहीं कीं नवें खातें उघडलें नाहीं. चालू पाटाच्या पाण्यांतून एक बारीक चारी काढून दिली, एवढेंच.

ही चारी आरंभीं फारच बारीक होती. पहिल्या वर्षीं, म्हणजे १९८३ सालीं, हिस्सा शेंकडा ०.२ होता, तो कांहीं वर्षांत १.२५ पर्यंत चढला. १९९२ च्या कायद्यानें तो १९९७ पर्यंत २.५ व २०११ च्या कायद्यानें २०१७ पर्यंत ३.२ टक्के करण्यांत आला. शंभरांतील सव्वातीन भाग ऐकावयास थोडे वाटतात. परंतु अमेरिकन सरकारच्या संशोधनाचा पसाराच इतका प्रचंड कीं, अलीकडच्या वर्षांत या योजनेखालीं वांटली जाणारी रक्कम वर्षास सुमारें ४ अब्ज डॉलरांवर गेली. एकंदर ११ खातीं तींत सामील झालीं. त्यांत संरक्षण खात्याचा वांटा सर्वांत मोठा आणि शेतकी खात्याचा त्या मानानें अगदीं लहान; तथापि पिकें, जनावरें, जमीन व पाणी, जंगलें, मासे, खाद्यपदार्थ, इतकेंच नव्हे तर लहान व मध्यम शेतकऱ्यांच्या अडचणी, असे स्वतंत्र विषय शेतकी खात्यानें अर्जदारांपुढें ठेविले.

'लहान' कोणास म्हणावें? ज्याच्याकडे ५०० पेक्षां अधिक नोकर नाहींत व ज्याची निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकन नागरिकांची किंवा तेथें कायमचें राहणाऱ्यांची आहे, असा नफ्यासाठीं चालणारा धंदा तो लहान, अशी व्याख्या ठरली. पांचशें माणसांचा कारखाना आपल्या दृष्टीनें लहान नव्हे हें खरें. परंतु खालची मर्यादा कोणतीच नसल्यामुळें दोन-तीन माणसांच्या मंडळीसही अर्ज करण्याची वाट मोकळी राहिली. १९९२ सालीं एस. टी. टी. आर. नांवाची एक जोडयोजना निघाली. तींत लहान कारखान्यानें विद्यापीठासारख्या संशोधनसंस्थेशीं भागी करणें सक्तीचें होतें. कामाचे निदान ४० टक्के कारखान्यानें व ३० टक्के संस्थेनें करावयाचे, अशी वांटणी नियमानेंच ठरविली होती.

तीन पायऱ्या

या योजनेंतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट रकमेच्या आंकड्यांत नसून ती देण्याच्या रीतींत आहे. जाणता शेतकरी नवें बियाणें आणतो तेव्हां पहिल्याच वर्षीं सारें रान त्याच्या स्वाधीन करीत नाहीं. प्रथम एक वाफा, तो साधला तर पुढील हंगामांत एखादा एकर, आणि मग सर्व शेत, अशी त्याची चाल असते. टिबेट्स यांनीं पैशासाठीं नेमकी हीच चाल घालून दिली.

पहिल्या पायरीवर फक्त एकच प्रश्न सोडवावयाचा : ही कल्पना होण्याजोगी आहे कीं नाहीं? त्यासाठीं थोडी रक्कम व थोडी मुदत. १९८२ च्या सुमारास ही रक्कम ५० हजार डॉलरपर्यंत व मुदत सहा महिन्यांची असे. पुढें महागाईबरोबर रक्कम वाढत गेली. शेतकी खात्यानें या पायरीस आठ महिने ठेविले व अलीकडच्या वर्षांत पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम दिली. पहिल्या पायरीचें उत्तर होकारार्थी आलें तरच दुसऱ्या पायरीसाठीं अर्ज करतां येई. तेथें खरा नमुना घडवावयाचा, तो चालवून पाहावयाचा व त्यांतील उणीवा काढावयाच्या. शेतकी खात्याकडे यासाठीं दोन वर्षांची मुदत आणि सहा ते साडेसहा लाख डॉलरपर्यंत रक्कम होती. तिसरी पायरी बाजाराची. तेथें या योजनेचा एक पैसाही मिळावयाचा नाहीं. माल खपविण्यासाठीं लागणारें भांडवल कारखानदारानें गिऱ्हाइकांकडून, भागीदारांकडून किंवा पेढीकडून उभारावें. सरकारी खात्यासच ती वस्तु हवी असेल तर त्यानें ती योजनेबाहेरील पैशानें विकत घ्यावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा पैसा तगाई नव्हे. तगाई परत करावयाची असते. हा पैसा प्रामाणिकपणें काम करूनही कल्पना खोटी ठरली तर परत मागत नाहींत. पण हें बक्षीसही नव्हे. सांगितलेलें काम सांगितलेल्या मुदतींत केलें पाहिजे, त्याचा अहवाल दिला पाहिजे, आणि पहिल्या पायरीवर कामाचा दोन-तृतीयांश व दुसऱ्या पायरीवर निदान अर्धा भाग त्या कारखान्यानें स्वतः केला पाहिजे, असा दंडक होता. पैसा आपल्या नांवावर उचलून काम दुसऱ्याच्या गळ्यांत घालणाऱ्या मध्यस्थास त्यामुळें आळा बसला. कल्पना निरुपयोगी ठरली तर तेंही एक फळच. वाफ्यांत फसलेलें बियाणें शेतभर पेरलें गेलें नाहीं, हा लाभ थोडा नव्हे.

शोधाची मालकी

सरकारी पैशानें लागलेला शोध कोणाचा? अमेरिकेंत पूर्वीं तो बहुधा सरकारजमा होई व कपाटांत पडून राही. १९८० सालीं झालेल्या बे-डोल कायद्यानें ही स्थिति पालटली. लहान कारखाना किंवा विद्यापीठ यांनीं सरकारी मदतीनें शोध लाविला तर पेटंट त्यांच्याच नांवें राहावें, आणि सरकारला स्वतःच्या कामापुरता तो मोबदला न देतां वापरण्याचा हक्क असावा, असें ठरलें. एस. बी. आय. आर. योजनेंत याशिवाय संशोधनाची आंतली माहिती ठराविक मुदतीपर्यंत सरकारनें उघड करूं नये अशी तरतूद आहे. २०१९ पासून ही मुदत वीस वर्षांची करण्यांत आली. आपली युक्ति अर्जांत लिहिली कीं ती बड्या कंपनीच्या हातीं जाईल, हें भय लहान कारखानदारास सर्वत्र असतें. तें दूर केल्यावांचून चांगला माणूस अर्ज करण्यास पुढें येत नाहीं.

एका विरळणी-यंत्राची हकीकत

या योजनेचें शेतकीशीं नातें कसें जुळतें हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. कॅलिफोर्नियांत सॅलिनासच्या खोऱ्यांत लेट्यूस नांवाच्या पालेभाजीचें पीक मोठ्या प्रमाणावर होतें. सर्व बीं उगवेल याची खात्री नसल्यानें तें दाट पेरतात व रोपें वर आल्यावर सुमारें फुटाच्या अंतरावर एक एक रोप ठेवून बाकीचीं खुरप्यानें काढतात. हें काम कंबर मोडणारें आहे. त्यास मजूर वेळेवर मिळत नाहींत, व विरळणी लांबली तर पीक बिघडतें. ज्वारी-बाजरीची विरळणी ज्यानें केली आहे त्यास हें समजावून सांगणें नको.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत एकत्र आलेल्या होर्हे हेरॉड व ली रेडन या दोघांनीं २०११ सालीं ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी नांवाची मंडळी काढली. त्यांची मूळ कल्पना शेतीची नव्हतीच. हिरवळीचें गवत आपोआप कापणारें यंत्र करावें असा त्यांचा बेत होता. पण ज्या वर्गांत ते शिकत होते तेथील शिस्त अशी कीं, यंत्र घडविण्यापूर्वीं गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकावी. ते फिरले, शेतकऱ्यांशीं बोलले, आणि त्यांस कळून आलें कीं खरी नड गवताची नसून तणाची व विरळणीची आहे. त्यांनीं बेत बदलला. नॅशनल सायन्स फाउंडेशननें त्यांस एस. बी. आय. आर. योजनेखालीं मदत दिली. कॅमेऱ्यानें प्रत्येक रोप पाहून, कोणतें ठेवावयाचें व कोणतें काढावयाचें हें क्षणांत ठरवून, नको असलेल्या रोपावर नेमकी फवारणी करणारें यंत्र त्यांनीं तयार केलें व तें सॅलिनासच्या शेतांत चालूं लागलें. पुढें त्याच तत्त्वावर, सर्व शेतभर औषध न शिंपतां फक्त तणावरच तें टाकण्याची युक्ति त्यांनीं हातीं घेतली.

शेतकऱ्यास यांत घेण्याजोगा पहिला धडा उघड आहे. बुद्धिमान तरुण व सरकारी पैसा ही जोडी असूनही, शेतकऱ्यानें आपली अडचण सांगितली नसती तर एक गवत कापण्याचें यंत्रच जन्मास आलें असतें. फाउंडेशननेंही हें ओळखलें. २०११ सालींच तिनें आय-कोअर नांवाचा शिक्षणक्रम सुरू केला, व त्यांत प्रत्येक संशोधक-चमूनें सुमारें शंभर संभाव्य गिऱ्हाइकांस भेटून यावें अशी अट घातली.

दुसरा धडा तितकासा गोड नाहीं. २०१७ सालीं जॉन डीअर या ट्रॅक्टरच्या बलाढ्य कंपनीनें ही लहान मंडळी ३० कोटि ५० लाख डॉलरांस विकत घेतली, व २०२२ पासून तिचें फवारणीचें तंत्र आपल्या मोठ्या यंत्रांवर बसवून विकण्यास आरंभ केला. शोध लावणाऱ्यांस श्रमाचें फळ मिळालें, यंत्र देशभर जाण्याची सोय झाली, औषधाची बचत झाली. हा लाभ खराच. पण लहान कारखान्यांची संख्या वाढावी म्हणून दिलेल्या पैशाचें रोप अखेर मोठ्याच झाडाच्या सावलींत गेलें, आणि किंमत ठरविण्याची सत्ता एका हातीं एकवटली. योजनेच्या नियमांत या गोष्टीस प्रतिबंध नव्हता, आणि सरसकट प्रतिबंध घालणें कदाचित् इष्टही नाहीं. कारण विकतां येणार नाहीं अशा धंद्यांत भांडवल घालण्यास कोण पुढें येईल? तथापि सार्वजनिक पैशाचा हिशेब मांडतांना ही बाजू झांकून ठेवूं नये.

टीकाकारांचें म्हणणें

सरकारनें खाजगी कारखानदारास फुकट पैसा कां द्यावा, हा आक्षेप अमेरिकेंतही जोरानें घेण्यांत आला, आणि त्याची छाननी अर्थशास्त्रज्ञांनीं आंकड्यांनिशीं केली आहे. जॉश लर्नर यांनीं १९९९ सालीं असें दाखविलें कीं, ही मदत मिळालेले कारखाने दहा वर्षांच्या काळांत इतरांपेक्षां अधिक वाढले. परंतु ही वाढ ज्या भागांत नव्या धंद्यांस भांडवल देणारे लोक मुबलक होते तेथेंच दिसली, आणि एकाच कारखान्यास पुनःपुन्हा दिलेल्या मदतीनें त्यांत भर पडली नाहीं. २००० सालीं स्कॉट वॉलस्टेन यांनीं याहून कडक निष्कर्ष काढला : सरकारकडून जितका पैसा आला तितका खर्च कारखानदारांनीं आपल्या खिशांतून करावयाचा कमी केला. म्हणजे वरून पाऊस पडला म्हणून विहिरीची मोट थांबविली. पिकास पाणी पूर्वींइतकेंच.

यानंतर २०१७ सालीं सब्रिना हॉवेल यांनीं ऊर्जा खात्याच्या अर्जदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुणानुक्रमांत मंजुरीच्या रेषेच्या जरा वर असलेले व जरा खालीं राहिलेले कारखाने यांची त्यांनीं तुलना केली, कारण या दोहोंच्या योग्यतेंत फारसें अंतर नसतें. पहिल्या पायरीची लहान रक्कम मिळाल्यानें पुढें खाजगी भांडवल मिळण्याचा संभव जवळजवळ दुप्पट झाला. तो शेंकडा १० होता तो १९ वर गेला. उलट दुसऱ्या पायरीच्या मोठ्या रकमेचा परिणाम फारसा आढळला नाहीं. पहिल्या रकमेंतून नमुना घडवून वस्तु होण्याजोगी आहे हें दाखवितां येतें, व तेवढेंच भांडवलवाल्यास हवें असतें, असें त्याचें कारण त्यांस दिसून आलें. हा निष्कर्ष सरकारी तिजोरीच्या दृष्टीनें मोलाचा आहे. थोड्यांस पुष्कळ देण्यापेक्षां पुष्कळांस थोडें, पण कसून तपासून, देणें अधिक फलदायी ठरतें, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

आणखी एक दोष अनुभवानें उघडकीस आला. अर्ज लिहिण्याची कला साधलेले कांहीं कारखाने वर्षानुवर्षें मंजुऱ्याच मिळवीत राहिले. बाजारांत माल मात्र येईना. तेथें अशांस उपहासानें 'गिरण्या' म्हणतात. पूर्वींच्या मंजुऱ्यांतून माल व विक्री किती निघाली हें पाहून मगच पुढील मंजुरी द्यावी, असे निर्बंध यासाठीं कायद्यांत घालावे लागले व २०२२ सालीं ते अधिक कडक केले.

मुदतीच्या कायद्याची अडचण

एवढी मोठी योजना उभारतांना अमेरिकन कायदेमंडळानें ती कायमची केली नाहीं; ठराविक वर्षांनीं तिला मुदतवाढ द्यावी लागे. मुदतीमुळें गुणदोषांची तपासणी होते, हा त्यांतील फायदा. पण २००८ सालीं मुदत संपल्यावर नवा कायदा होण्यास २०११ साल उजाडलें. मधला सर्व काळ तुटपुंज्या मुदतवाढींवर निघाला. २०२२ सालीं अगदीं शेवटच्या दिवशीं, ३० सप्टेंबर रोजीं, तीन वर्षांची वाढ मिळाली. तीही ३० सप्टेंबर २०२५ रोजीं संपली, आणि त्या वेळीं पुनःपुन्हा मंजुऱ्या मिळविणाऱ्या कारखान्यांचें काय करावें व परदेशी संबंधांची चौकशी किती कडक असावी, या वादांत कायदेमंडळाचें एकमत न झाल्यामुळें नव्या मंजुऱ्या देण्याचें काम थांबलें. मोठ्या कंपनीस असा खंड सोसतो. ज्या तीन माणसांच्या कारखान्यानें पहिली पायरी पार करून दुसरीच्या भरंवशावर कारागीर ठेवले, त्याचे तीन महिनेही निभत नाहींत; आणि हातचा कारागीर एकदां गेला कीं पुन्हा मिळत नाहीं. पाण्याची पाळी चुकली तर मागाहून दुप्पट पाणी देऊन पीक सुधारत नाहीं, तसेंच हें आहे. मदत थोडी असली तरी चालेल, पण ती ठरलेल्या वेळीं आली पाहिजे.

आपल्याकडील प्रयत्न

महाराष्ट्रांत या गोष्टीचें बीज नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर केला तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते अशी लोकांची समजूत असल्यानें पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं त्यांस जमीन व कर्ज दिलें, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. नमुना तयार आहे पण जागा व पैसा नाहीं, अशा नेमक्या वेळीं ही मदत झाली. मात्र ती एका गुणग्राही संस्थानिकाची दानत होती. प्रत्येक तालुक्यास असा राजा लाभत नाहीं. म्हणून दानतीचें काम नियमाकडे सोंपवावें लागतें.

हिंदुस्थान सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्यानें २००५ सालीं एस. बी. आय. आर. आय. नांवाची योजना काढली. नांवावरूनच तिचा नमुना ओळखतां येतो. तींत आरंभीं कांहीं रक्कम अनुदानाची व कांहीं सवलतीच्या कर्जाची अशी व्यवस्था होती. २०१२ सालीं बायरॅक ही सरकारी संस्था स्थापन होऊन अशा योजनांचा कारभार तिच्याकडे आला. तिच्या 'बिग' नांवाच्या योजनेंत अगदीं पहिल्या अवस्थेंतील कल्पनेस अठरा महिन्यांसाठीं ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय ठेवण्यांत आली. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांतील व्हेंचर सेंटर हें या कामांत बायरॅकचें भागीदार झालें. खास शेतकीसाठीं राष्ट्रीय कृषि विकास योजनेच्या 'रफ्तार' या नव्या स्वरूपांत २०१८-१९ पासून कल्पनेच्या अवस्थेस ५ लाखांपर्यंत व धंदा उभारण्याच्या अवस्थेस २५ लाखांपर्यंत मदत ठरविण्यांत आली. मुंबईस माटुंगा येथील कापूस-तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिला सिरकॉट म्हणतात, ती या कामाच्या केंद्रांपैकीं एक होय. लहान रक्कम आधीं व मोठी मागून हें तत्त्व या आंकड्यांतही दिसतें, ही समाधानाची गोष्ट आहे.

शेतकरी संघांनीं काय करावें?

सरकार पैसा देईल, कारखानदार यंत्र करील. पण कोणत्या अडचणीसाठीं, हें सांगण्याचें काम तिसऱ्या कोणाचें नाहीं. तें शेतकऱ्याचें आहे, आणि एकट्या शेतकऱ्यापेक्षां त्याच्या संघास तें अधिक चांगलें साधतें. यासाठीं आमच्या पुढील चार सूचना आहेत.

पहिली : आपल्या भागांतील अडचण आंकड्यांत लिहून काढावी. "मजूर मिळत नाहींत" एवढ्यानें संशोधकास कांहींच कळत नाहीं. कोणतें पीक, कोणतें काम, एकरीं किती माणसें, किती दिवस, काय मजुरी, काम आठ दिवस लांबलें तर उताऱ्यांत किती घट, हें दहा शेतकऱ्यांच्या वह्यांवरून काढून द्यावें. असा कागद हातीं असलेल्या कारखानदाराचा अर्ज इतरांच्या अर्जांपेक्षां वजनदार ठरेल.

दुसरी : प्रयोगासाठीं शेत द्यावें, पण डोळे उघडे ठेवून. नव्या यंत्राची पट्टी व नेहमींच्या रीतीची पट्टी शेजारी शेजारी ठेवावी. दोहोंचा खर्च व उतारा निरनिराळा लिहावा. नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची हें आधींच कागदावर घ्यावें. प्रयोग फसला तर तसें स्पष्ट लिहून द्यावें. भिडेखातर दिलेलें प्रशस्तिपत्र पुढें शंभर शेतकऱ्यांस बाधतें.

तिसरी : किंमत, दुरुस्ती व सुटे भाग यांविषयीं नमुन्याच्या अवस्थेंतच विचारावें. यंत्र गांवच्या लोहारास किंवा तालुक्याच्या मिस्त्रीस खोलतां येईल कीं नाहीं? पेटंट कोणाच्या नांवें आहे? कारखाना उद्यां दुसऱ्यानें घेतला तर सुटे भाग मिळत राहतील काय? कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून हे प्रश्न आधीं विचारण्याचेच आहेत हें दिसतें. ज्या संघानें अडचण सांगितली व शेत दिलें, त्यानें आपल्या सभासदांसाठीं कांहीं वर्षें सवलतीची किंमत मागणें अवाजवी नव्हे.

चौथी : गांवांत किंवा तालुक्यास जो कारागीर स्वतःच्या बुद्धीनें अवजारें सुधारतो त्यास या योजनांची माहिती पोहोंचवावी. अशा माणसास इंग्रजी अर्ज, हिशेबाचे नमुने व अहवाल यांचीच धास्ती अधिक असते. संघाच्या चिटणीसांनीं किंवा शिकलेल्या सभासदांनीं एक दिवस मोडून त्यास जवळच्या केंद्रावर नेलें तर तें मोठेंच काम होईल. मात्र मंजुरी हातीं पडण्यापूर्वीं तिच्या भरंवशावर त्यानें कर्ज काढूं नये, हेंही त्यास बजावावें. मंजुरीचा कागद व प्रत्यक्ष रक्कम यांत अंतर पडतें, आणि अमेरिकेंतील अनुभव सांगतो कीं योजनाच मध्यें थांबूं शकते.

सरकारी पैसा शोध लावीत नाहीं. शोध लावणाऱ्याच्या पायाखालची पहिली फळी तेवढी तो घालूं शकतो, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवानें ती पहिली, लहानशी फळीच सर्वांत उपयोगाची ठरली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या भागांत अशा तऱ्हेची एखादी अडचण असेल, त्यांनीं येत्या हंगामापासूनच तिची वही घालावी. कारखानदार दारीं येईल तेव्हां त्याच्या हातीं देण्यास आपल्याजवळ कांहीं तरी लिहिलेलें असलें पाहिजे.